दोन लिटरची, वेळेच्या खुणांची बाटली: वजन उतरवायला कितपत कामाची?

लातूरच्या गंजगोलाईपासून संभाजीनगरच्या गुलमंडीपर्यंत प्लास्टिक आणि भांड्यांच्या दुकानांत आता एक बाटली हमखास टांगलेली दिसते. दोन लिटरची, धुरकट पारदर्शक, एका रंगातून दुसऱ्यात उतरत गेलेली. बाजूला सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत दर दोन तासांची खूण, आत स्ट्रॉ, वर कळ दाबून उघडणारं झाकण. जाडी आणि दुकान बघून किंमत साधारण दोनशेपासून पाचशे रुपयांपर्यंत जाते. बरेचदा एक मधली आणि एक लहान बाटली सेटमध्येच येते. विकणारा सांगतो, "दिवसभरात ही संपवा, वजन आपोआप उतरतं." त्यातलं "आपोआप" खोटं आहे. पाण्याचा वजनाशी संबंध मात्र आहे, आणि ही बाटली नीट वापरली तर त्याचा फायदाही मिळतो. छापील वेळापत्रक पाळलं तर तो फायदा बराचसा हातचा जातो, म्हणून आधी तेवढं समजून घ्यायला हवं.

पाणी चरबी जाळत नाही. २००३ मध्ये जर्मनीत चौदा निरोगी माणसांवर झालेल्या एका प्रयोगात अर्धा लिटर पाणी प्यायल्यावर शरीराचा ऊर्जाखर्च तात्पुरता सुमारे ३० टक्के वाढलेला दिसला, आणि पाण्याने चयापचय वाढतो ही गोष्ट तिथून सगळीकडे गेली. पण त्याच प्रयोगात अर्ध्या लिटरमागचा जादा खर्च होता साधारण १०० किलोज्यूल, म्हणजे २४ किलोकॅलरी. चहातल्या एक चमचा साखरेच्या २० होतात. पुढच्या प्रयोगांत तर एवढाही परिणाम मिळाला नाही. २००६ च्या एका अभ्यासात ३ अंशांचं बर्फागत पाणी दिलं, तेव्हा वाढ पाच टक्क्यांच्या आत राहिली.

गार पाण्याचा हिशेब घरीही मांडता येतो. एक लिटर पाणी एक अंशाने तापायला एक किलोकॅलरी लागते. फ्रिजमधलं ८ अंशांचं अर्धा लिटर पाणी शरीराच्या ३७ अंशांवर यायला साडेचौदा किलोकॅलरी लागतात, माठातल्या २५ अंशांच्या पाण्याला सहा. त्यात आपल्याकडे मे महिन्यात परभणी-नांदेडला पारा बरेचदा ४२ च्या वर जातो, शरीर आधीच उष्णता बाहेर टाकायच्या मागे असतं. तेव्हा पोटात गेलेलं गार पाणी त्या जादा उष्णतेवरच तापतं, त्यासाठी वेगळी चरबी खर्ची पडत नाही. "आइस वॉटर डाएट" म्हणून कुणी जाड भिंतीची महाग बाटली गळ्यात मारत असेल तर तेवढे पैसे वाचवा.

फायदा होतो तो दोन वाटांनी. पहिली, जेवणाआधीचं पाणी. २०१० मध्ये अमेरिकेत ५५ ते ७५ वयाच्या, वजन जास्त असलेल्या लोकांना बारा आठवडे कमी उष्मांकाचा आहार दिला. त्यांतल्या निम्म्यांनी तिन्ही जेवणांआधी ५०० मिली पाणी प्यायलं. त्यांचं वजन दुसऱ्या गटापेक्षा सुमारे दोन किलो जास्त उतरलं. २०१५ मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला ८४ लठ्ठ व्यक्तींवर असाच प्रयोग झाला; जेवणाआधी अर्धा तास अर्धा लिटर, बारा आठवडे. फरक आला १.३ किलोचा. तीन महिन्यांत सव्वा ते दोन किलो, तेही खाण्यावर लक्ष असताना. पाण्यासारख्या फुकटच्या गोष्टीसाठी हे कमी नाही, पण आठवड्याला पाच किलोच्या जाहिरातींशी याचा काही मेळ बसत नाही.

कारण साधं आहे: पोट काही वेळ भरलेलं राहतं आणि ताटात कमी वाढून घेतलं जातं. पाणी पोटातून लवकर सरकतं, निम्मं तर पंधरा-वीस मिनिटांत पुढे जातं. म्हणून जेवणाच्या दोन तास आधी प्यायलेल्या पाण्याचा भुकेवर काही परिणाम उरत नाही. तरुणांमध्येही हा उपाय फिका पडतो; त्यांचं पोट लवकर रिकामं होतं, असं त्याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं. पंचविशीतल्या मुलाने जेवणाआधी पाणी प्यायलं तर अपाय नाही, पण पन्नाशी ओलांडलेल्या त्याच्या आईवडिलांना त्याचा जास्त उपयोग होईल.

आता बाटलीकडे या. दोन लिटरचे आठ सारखे भाग, म्हणजे दर दोन तासांनी २५० मिली. नाश्ता नऊला, दुपारचं जेवण दीड-दोनला, रात्रीचं साडेआठ-नऊला, असा आपल्याकडचा बहुतेक घरांचा दिवस. छापील खुणांनुसार एकाही जेवणाआधी अर्धा लिटर पोटात जात नाही. ते अकराला, तीनला, पाचला असं वाटलं जातं, जिथे ते तहान भागवतं पण भूक आवरत नाही. शिवाय शेवटची खूण रात्री नऊची. जेवण झाल्यावर बाटलीत उरलेलं पाणी "टार्गेट" म्हणून गटागट संपवायचं आणि रात्रीतून दोनदा उठायचं, हे फार होतं. मोडलेली झोप दुसऱ्या दिवशी भूक वाढवते. सगळ्यांत मोठी चूक इथेच आहे, आणि ती काळ्या इन्सुलेशन टेपने दुरुस्त होते.

बाटली पूर्ण भरा. १५००, १००० आणि ५०० मिलीच्या खुणांवर बाहेरून टेपची बारीक पट्टी गुंडाळा. भरलेल्या पातळीपासून पहिल्या पट्टीपर्यंतचं पाणी नाश्त्याआधी, दुसऱ्या पट्टीपर्यंतचं दुपारच्या जेवणाआधी. तिसऱ्या पट्टीपर्यंतचं पाच ते सातच्या मध्ये लागेल तसं, आणि शेवटचं अर्धा लिटर रात्रीच्या जेवणाआधी. रात्री उठावं लागत असेल तर तेवढा एक भाग ३०० वर आणा आणि जेवण आठच्या आत घ्या. प्रत्येक भाग जेवणाच्या वीस ते तीस मिनिटं आधी, पाच-दहा मिनिटांत बसून प्यायचा. एका दमात ओतायचा नाही, तासभर चघळायचाही नाही. सवय नसेल तर पहिला आठवडा २५० वर थांबा, पुढच्या आठवड्यात ३५०, मग ५००. मळमळ किंवा आंबट ढेकर आले तर तिथेच थांबावं.

स्ट्रॉ त्यासाठीच काढून टाकायची. स्ट्रॉने चार घोट घेतले जातात, अर्धा लिटर होत नाही. दुसरं कारण स्वच्छतेचं आहे. स्ट्रॉ जिथे झाकणाच्या नळीत शिरते तिथे एक अरुंद फट असते. तिथे पाणी साचतं आणि वाळत नाही. झाकण खालून उलटं करून उजेडात धरलं की पांढऱ्या सिलिकॉन कड्याभोवती काळसर रेघ दिसते. बोट फिरवलं तर बुळबुळीत लागते. ती बुरशी आणि जिवाणूंची साय असते, आणि बाहेरून बाटली कितीही विसळली तरी ती जात नाही. कडं सुईने नाही, चमच्याच्या बोथट टोकाने उचला, कारण सुईने त्याला चीर पडते आणि मग गळती कायमची. कडं आणि झाकण कोमट साबणाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून जुन्या टूथब्रशने घासा, पूर्ण वाळू द्या, मगच परत बसवा. आठवड्यातून दोनदा हे करायला हवं, उन्हाळ्यात एक दिवसाआड.

बाटलीच्या आतला पांढरा थर ही वेगळी गोष्ट. बोअरचं पाणी भरणाऱ्यांच्या बाटलीत तो हटकून येतो, कारण मराठवाड्यातल्या बहुतेक बोअरचं पाणी जड आहे. तो क्षार आहे, बुरशी नव्हे, साबणाने निघत नाही. लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर लिंबूसत्व विरघळवून तासभर भरून ठेवलं की सुटतो. तारेची घासणी आत घालू नका; ओरखड्यांत घाण धरते आणि धुरकट प्लास्टिकमुळे ती दिसतही नाही. हा धुरकट रंग दिसायला छान आहे, पण वापराच्या दृष्टीने तो दोष आहे. साधी पारदर्शक बाटली मिळत असेल तर तीच घ्या.

तळाला त्रिकोणातला आकडा बघून घ्यायचा. १ असेल तर पातळ पीईटी, म्हणजे सीलबंद पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक. तिच्यात गरम पाणी भरलं तर आकार बिघडतो आणि खुणा वर-खाली होतात. सकाळी गरम पाणी पिणाऱ्यांना ती चालणार नाही. ५ म्हणजे पॉलिप्रोपिलीन, गरमाला बरं, पण दिसायला मळकट. ७ म्हणजे "इतर", त्यात पॉलिकार्बोनेटही येतं, ज्यातून बीपीए हे रसायन पाण्यात उतरू शकतं, आणि बीपीए नसलेलं ट्रायटनही, म्हणून ७ वर "बीपीए फ्री" स्पष्ट छापलेलं असेल तरच विचार करा. आकडाच नसेल तर परत ठेवा. कुठलंही प्लास्टिक असो, मे महिन्यात गाडीच्या काचेमागे किंवा ट्रॅक्टरच्या बोनेटवर भरलेली बाटली ठेवायची नाही.

मापाचीही खात्री करून घ्या. रिकामी बाटली स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून शून्य करा, ५०० च्या खुणेपर्यंत पाणी भरा. ५०० ग्रॅम यायला हवेत. वीस-तीस ग्रॅम इकडेतिकडे चालतात. शंभराचा फरक असेल तर छापील खूण सोडा आणि टेप काट्यानुसार लावा. काटा नसेल तर अर्ध्या लिटरची सीलबंद पाण्याची बाटली ओतून खूण करा.

वजनासाठी पाण्याची दुसरी वाट जास्त मोलाची, आणि तिला बाटली लागतही नाही: गोड पेयाच्या जागी पाणी. घरचा मोठा कप चहा, दोन चमचे साखर आणि म्हशीचं दूध धरलं तर १०० किलोकॅलरीच्या आसपास जातो. दिवसाला चार कप म्हणजे ४००. त्यातले दोन बंद करून तिथे पाणी आलं तर रोजचे २०० वाचतात. एक किलो चरबीत साधारण ७,७०० किलोकॅलरी असतात, म्हणजे कागदावर दीड महिन्याच्या आत एक किलो. प्रत्यक्षात वजन उतरलं की शरीराचा खर्चही थोडा कमी होतो, म्हणून वेळ जास्त लागतो. रसवंतीतला २५० मिलीचा एक ग्लास ३० ग्रॅमच्या वर साखर देतो, तेवढ्याच कोल्ड्रिंकमध्ये २६ ग्रॅमच्या आसपास असते. उन्हातून आल्यावर रस प्यायची ओढ असते ती बरेचदा तहानेची असते. आधी दोन ग्लास पाणी, दहा मिनिटं सावली, मग रस हवाच असेल तर अर्धा ग्लास. रसवंतीत अर्धा मागितला तर कुणी नाही म्हणत नाही.

हीच गोष्ट ताटातल्या पाण्यालाही लागू आहे. १९९९ मधल्या एका अभ्यासात तेच जिन्नस कोरडे दिले आणि सोबत ग्लासभर पाणी ठेवलं, तेव्हा खाणं कमी झालं नाही. तेच पाणी पदार्थात मिसळून सूप करून दिलं, तेव्हा कमी झालं. येसर आमटी, पातळ वरण, हुलग्याचं माडगं, पातळ ताक हे आपल्या जेवणात पहिल्यापासून आहे. भाकरी कुस्करून आमटी ओतून खाणारा माणूस कोरड्या धपाट्यांवर तेलातली चटणी घेणाऱ्यापेक्षा लवकर तृप्त होतो. वाटीभर माडगं जेवणाआधी घेतलं तर त्या वेळचं अर्धा लिटर पाणी ३०० वर आणलं तरी चालेल.

सेटसोबत काही दुकानदार आत जाळी असलेली "डिटॉक्स" बाटलीही दाखवतात. काकडी, पुदिना, लिंबू घालून पाणी चवदार होतं आणि ज्यांना साधं पाणी घशाखाली उतरत नाही त्यांना त्याचा उपयोग आहे. त्यापलीकडे काही नाही. शरीरातला कचरा यकृत आणि मूत्रपिंडं काढतात. फळाचे तुकडे उन्हाळ्यात चार तासांच्या वर ठेवू नयेत. सकाळच्या लिंबू-मध पाण्यात चमचाभर मधाचे वीसेक किलोकॅलरी असतात, तेवढं ध्यानात ठेवून प्या. तांब्याच्या बाटलीने वजन कमी होत नाही, आणि तिच्यात लिंबू किंवा ताक कधीच भरू नये. आंबट पदार्थ तांबं ओढून घेतात, मग मळमळ आणि उलट्या होतात.

बाटलीत भरायचं पाणी कोणतं, हा आपल्याकडे वेगळाच प्रश्न आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येणारी गावं आणि वस्त्या आजही आहेत. त्यामुळे घरोघरी थंड पाण्याचे जार येतात. त्या जारवर सील आणि आयएसआय चिन्हाच्या वर आयएस १४५४३ हा पॅकबंद पिण्याच्या पाण्याच्या मानकाचा क्रमांक आहे का बघा; सुट्या थंड जारवर तो बहुधा नसतो, तेव्हा ते पाणी गाळून, उकळून, माठात गार करून भरणं बरं. टीडीएसचा पेन पाण्यातले क्षार सांगतो, जंतू सांगत नाही आणि फ्लोराइडही सांगत नाही. पिण्याच्या पाण्याच्या मानकात टीडीएसची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत. फ्लोराइड दीड मिलिग्रॅमच्या वर गेलेलं चालत नाही. किनवटकडच्या भागात किंवा कुठेही बोअरचं पाणी रोज दोन-तीन लिटर प्यायचं ठरवत असाल, तर आधी ते जिल्हा प्रयोगशाळेत तपासून घ्या. पाणी वाढवलं की त्यातलं फ्लोराइडही वाढतं.

दोन लिटर सगळ्यांना पुरतात का? सावलीत बसून काम असेल तर साधारण पुरतात. राष्ट्रीय पोषण संस्थेचा सर्वसाधारण सल्लाही दिवसाला आठ ग्लास, म्हणजे दोन लिटरच आहे. शेतात, बांधकामावर, उन्हात हिंडण्याच्या नोकरीत ते पुरणार नाहीत. तिथे बाटली दोनदा भरावी लागेल, आणि घाम फार गेला तर नुसतं पाणी न पिता सोबत मीठ घातलेलं ताक किंवा ओआरएस लागेल. लघवी फिकट पिवळी असली की पुरेसं झालं, गर्द असेल तर वाढवा, पाण्यासारखी पांढरी सतत होत असेल तर कमी करा. तासाला लिटरभराच्या वर पाणी मूत्रपिंडांना बाहेर टाकता येत नाही. पैज लावून किंवा संध्याकाळी राहिलेलं एकदम भरून काढायला दोन लिटर ढोसले तर रक्तातलं सोडियम घसरतं, डोकं दुखतं, उलट्या होतात, आणि जास्त झालं तर झटके येतात.

मूत्रपिंडाचा आजार, हृदयाची ताकद कमी असणं, पायांवर सूज, किंवा लघवी जास्त व्हायची गोळी चालू असेल तर ही बाटली डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायचीच नाही. अशांना पाणी मोजून कमी सांगितलेलं असतं. उलट मुतखडा होऊन गेलेल्यांना ती वजनापेक्षाही जास्त उपयोगी आहे, कारण त्यांना दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी लागतं आणि ते मोजल्याशिवाय होत नाही.

बायकांच्या बाबतीत एक गोष्ट या बाटल्या विकणारे कधीच बोलत नाहीत. शाळेत, बँकेत, एसटीच्या प्रवासात नीट स्वच्छतागृह नसतं, म्हणून सकाळी निघताना पाणीच प्यायचं नाही, असं असंख्य जणी करतात. त्यांना खुणा दाखवून उपयोग नाही. त्यांनी नाश्त्याआधीचं अर्धा लिटर निघण्याच्या दीड तास आधी घ्यावं, प्रवासात घोट-घोट, आणि उरलेलं पोहोचल्यावर. नाश्ता वेळेत बसत नसेल तर रात्रीच्या जेवणाआधीचा एकच भाग रोज पाळला तरी हरकत नाही.

बाटली सुरू केली की पहिल्या आठवड्यात काटा वर गेलेला दिसतो आणि लोक सोडून देतात. अर्धा लिटर पाणी म्हणजे अर्धा किलो वजन, पोटात असेपर्यंत काट्यावर दिसणारच. वजन सकाळी शौच-लघवी झाल्यावर, पाणी प्यायच्या आधी, आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर करा. उन्हात राबून एका दिवसात कमी झालेला दीड किलोही चरबी नसतो, तो घाम असतो.

घ्यायचीच असेल तर एकट्या दोन लिटरच्या बाटलीला दोनशे-अडीचशेच्या वर देऊ नका. रोज बाहेर नेणाऱ्यांना दोन किलोचं ओझं नको होतं. त्यांनी रुंद तोंडाची, एकेरी भिंतीची लिटरभराची स्टीलची बाटली दोनदा भरावी, ती जास्त टिकते आणि हात घालून घासता येते. घरी टेबलावर ठेवायला प्लास्टिकची चालेल. दुकानातच पाणी भरून, झाकण लावून, कागदावर पाच मिनिटं उलटी धरून बघा. कागद ओला झाला तर दुसरी मागा. आणि कडं सुटं मिळतं का ते तिथेच विचारा. बाटलीचं पहिलं तेच जातं, आणि ते मिळालं नाही तर अख्खी बाटली टाकून द्यावी लागते.